डावी नाकपुडी

ज्यांना नाकानं नीट श्वास घेता येतो त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. श्वास चालू असतो तोवर माणसाला तो आठवत नाही, आणि दुसऱ्या कुणी त्याचं रडगाणं लावलं तर ऐकणाऱ्याला जांभई येते. मलाही आली असती.

मी कुरुंद्यात ब्लाउज शिवते. मागच्या दिवाळीत साखऱ्याला दिलेली आमच्या गावची एक पोरगी माहेरपणाला आली होती, ती माप द्यायला माझ्याकडे आली. मी तिच्या खांद्याला टेप लावला होता आणि ती माझ्या नाकाकडे टक लावून बघत होती. शेवटी म्हणाली, "काकू, मलाबी नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन सांगितलंय. लई तकलीफ होती का?"

तिथं आणखी दोघी बसल्या होत्या. मी "न्हाई गं, काही होत न्हाई" म्हणून तिला वाटेला लावलं. खरं उत्तर लांब आहे आणि ते ब्लाउजचं माप घेता घेता देता येत नाही, म्हणून इथं लिहिते. तिनं ऑपरेशन करू नये असं माझं म्हणणं नाही. करावं. पण नंतरच्या दिवसांत डोळे उघडे ठेवावेत.

हापशाचा दांडा

मी लहान असताना गावातल्या हापशाचा दांडा माझ्या हातून सुटला आणि उसळून थेट नाकावर बसला. रक्त आलं, आईनं पदर दाबून धरला, थांबलं. त्यात दवाखान्यात नेण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. तेव्हापासून डावी नाकपुडी बंद झाली ती झालीच. उजवी अर्धीमुर्धी चालायची. सर्दी झाली की तीही जायची.

अशा माणसाचं तोंड कायम उघडं असतं. शाळेत पोरं "माशी जाईल" म्हणून चिडवायची. शिवणकाम शिकायला लागले तेव्हा बाकीच्या मुली ओठांत टाचण्या धरून काम करायच्या. मला ते कधीच जमलं नाही, कारण ओठ मिटले की जीव घाबरा व्हायचा. जेवताना एक घास चावायचा, थांबून तोंडानं हवा घ्यायची, मग पुढचा घास. लग्नात उखाणा घेताना मी मध्येच थांबले तर बायका म्हणाल्या, नवरी लाजली. लाजते कसली, गुदमरले होते.

सासर मिळालं ते हळदीचं. हळद शिजवून वाळवली की ती ढोलात घालून पॉलिश करतात. ढोल फिरायला लागला की अंगणभर पिवळी धूळ उठते, दुधावरची सायसुद्धा पिवळी होते. त्या दिवसांत माझी उजवी बाजूही ठप्प व्हायची. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, मी झोपायचे त्या खोलीच्या दाराला ओली साडी बांधायच्या, धूळ अडावी म्हणून. वाळली की परत भिजवायच्या. तरी मी वळकटीला टेकून बसूनच झोपायचे.

चाळिशी जवळ आली तसं डोकं दिवसभर जड राहायला लागलं. एकदा मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागली आणि सुई बोटातून आरपार गेली. दत्ता, माझा नवरा, बोटाला चिंधी बांधता बांधता म्हणाला, "आता बास झालं. दाखवूनच यायचं."

वाकडी भिंत

नांदेडच्या डॉक्टरांनी नाकात बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर माझंच नाक मला आतून दाखवलं. ओली, गुलाबी, अरुंद बोळकांडी. डॉक्टर म्हणाले, "ही मधली भिंत. ही मधोमध उभी पाहिजे. तुमची डावीकडे लवंडलीये."

भिंत सरळ करायची आणि उजवीकडे फुगलेलं मांस थोडं कमी करायचं, असं ठरलं. "थोडंच," ते म्हणाले. "ते सगळं काढलं तर नाक मोकळं दिसतं, पण श्वास येतोय हे माणसाला जाणवतच नाही. ते दुखणं यापेक्षा वाईट." सगळं आतूनच करणार होते, चेहऱ्यावर टाका नाही. मी मान डोलावली आणि मग तिथंच रडायला आलं. एवढी वर्षं मी जो स्वभाव समजत होते, माझा आळस, माझी चिडचिड, माझं सारखं दमणं, ते सगळं एका वाकड्या भिंतीमागं उभं होतं.

घरी सांगितलं तेव्हा मामी म्हणाल्या, "जा लेकरा, करून ये. साऱ्या जगाला वारा फुकट, आन तुलाच काहून असा मोजून मिळावा?"

पहिलं ऑपरेशन

ऑपरेशन थंडीत झालं, हळद काढायच्या आधी. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही नाकपुड्यांत बोळे ठासलेले होते. आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. नाक पूर्ण बंद असताना घोट गिळला की कान आतून ओढल्यासारखे दुखतात. पाणी प्यायचं म्हणजे आधी हवा साठवायची, मग घोट, मग धडपडत तोंड उघडायचं. मी जन्मभर तोंडानंच श्वास घेतलाय, मला काय त्याचं, असं वाटलं होतं. पण उजवीकडून येणारी ती अर्धीमुर्धी झुळूक किती कामाची होती ते ती बंद झाल्यावर कळलं.

एका नर्सबाईंनी जाळीच्या कापडाची ओली पट्टी माझ्या ओठांवर अंथरली. तोंडात जाणारी हवा तिच्यातून ओलसर होऊन जायची आणि घसा सुकायचा नाही. पट्टी वाळली की मी हातानं खूण करायचे आणि त्या न कुरकुरता परत भिजवून आणायच्या. ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचं असेल त्यांनी सोबत एक मऊ सुती रुमाल ठेवावा. एवढा तरी उपयोग माझ्या भोगण्याचा व्हावा.

बोळे काढताना दुखतं. खोटं कशाला सांगू, खूप दुखतं. एवढं लांबलचक काही माझ्या डोक्यात मावलं कसं, असा विचार त्या दुखण्यातही मनात आला. आणि मग डावीकडून वारा आला. सूज चढायच्या आधी थोडाच वेळ, पण आला. गार हवा कपाळाच्या आतपर्यंत गेली. मी हमसून हमसून रडले. दत्ता घाबरून नर्सला बोलवायला धावला आणि मला त्याला सांगता येईना की हे दुखण्याचं रडणं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, शिंकरायचं नाही, धुरात बसायचं नाही, नाकात दुसरं काहीही घालायचं नाही. मामी, दत्ता आणि मी, तिघांनी माना हलवल्या.

बोळा

घरी आल्यावर डावीकडून लालसर पाणी झिरपत राहिलं. तसं ते येईल असं डॉक्टर म्हणालेच होते. पण मामींना ते बघवेना.

आमच्या घरात विळी लागली की हळद. बैलाचा खांदा सोलला की हळद. बाळंतिणीला हळद, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला हळद. घरची हळद मामी विकायच्या मालातून घेत नाहीत. चांगली हळकुंडं निवडून वेगळी ठेवतात, स्वतः जात्यावर दळतात आणि पातळ लुगड्यातून चाळतात. ती हळद त्यांनी कढवलेल्या तुपात कालवली, कापसाचा बोळा तिच्यात भिजवला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

दत्ता तिथंच चहा पीत होता. मी पूर्ण शुद्धीत होते. नाकात काहीही घालायचं नाही हे आम्हा तिघांना तोंडपाठ होतं. पण हळद या ‘काहीही’मध्ये येते हे कुणाच्या मनातच आलं नाही. पाणी, मीठ, तशी हळद.

"डोकं वर कर बाई. गार वाटंल," मामी म्हणाल्या आणि बोळा अलगद आत सरकवला.

गार वाटलंही. झिरपणं थांबलं. मी म्हणाले, "बरं वाटतंय मामी." त्यांचा चेहरा उजळला. मग रोज सकाळी नवा बोळा.

पू

आधी नाकाचा शेंडा लाल झाला. मग तो इतका हुळहुळा झाला की पदर घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं. जखम भरतेय म्हणून ठणकतंय, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मग कपाळ फुटायला लागलं, थंडी वाजून ताप आला, आणि दोन्ही बाजू दगडासारख्या बंद झाल्या. वसमतच्या डॉक्टरांनी बघितलं मात्र, आणि म्हणाले, इथं थांबू नका.

नांदेडला मला बाकावर बसूसुद्धा दिलं नाही, थेट आत घेतलं. काय काय निघालं ते लिहीत नाही. दत्ता माझा हात धरून होता आणि मामी दारात उभ्या होत्या.

"आत काही घातलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई साहेब," दत्ता म्हणाला, अगदी मनापासून. "फवाराच मारून राहिलो बराबर."

दारातून मामी म्हणाल्या, "हळद घातली व्हती म्या. तुपातली."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. हातमोजे काढता काढता म्हणाले, "आई, हळद वाईट नाही. पण आत उघडी जखम होती. कापसाबरोबर, हाताबरोबर जंतू गेले असणार. पडद्याच्या आत पू साठला. तिथं मऊ हाड असतं, कुर्चा म्हणतात. पू तिला खातो." मग माझ्याकडे वाकून हळू म्हणाले, "कधी कधी काही न घालताही असं होतं. हळदीनंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही."

हे दुसरं बोलणं मी एकटीनं ऐकलं. मामी आणि दत्ता पहिल्यावरच थांबले होते.

बाहेर आल्यावर दत्ता सगळ्यांसमोर मामींवर ओरडला. "तुला कुणी सांगितली व्हती डॉक्टरकी? वाटोळं केलंस तिचं, माय!" मामींनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

साखऱ्याच्या पोरी, एवढं लक्षात ठेव. ऑपरेशननंतर नाक ठणकायला लागलं, ताप आला, दोन्हीकडून गच्च झालं, तर जखम भरतेय म्हणून घरात बसू नकोस. त्याच दिवशी जा.

बसलेलं नाक

पू गेला, ताप गेला. कुर्चाही गेली. पालाचा मधला खांब काढल्यावर पाल जसं बसतं तसं माझं नाक मधोमध खाली बसत गेलं, हळूहळू, रोज आरशात दिसेल असं.

दिसण्याचं दुःख मी करून संपवलं असतं. श्वासाचं संपेना. हवा आत ओढली की नाकपुड्याच आतल्या आत चिकटायच्या. जोर लावला तर आणखी चिकटायच्या. बोटांनी गाल बाहेर ओढून धरला तर थोडी वाट व्हायची, पण मशीनवर दोन्ही हात लागतात. मग मी गालांना चिकटपट्ट्या ताणून लावायला लागले. गिऱ्हाइकं कमी झाली. ज्या यायच्या त्या मापापेक्षा माझं तोंड बघायला यायच्या. एकीनं शेवटी कुजबुजत विचारलंच, "शोभाताई, मारतेत का वो तुमाला?" दत्ता अंगणातल्या कुत्र्यालासुद्धा हाड म्हणत नाही. ते त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं पारावर बसणं सोडलं.

मला मामींचा राग होता. त्या दाराला ओली साडी बांधायच्या हे आठवायचं, डोळे भरायचे, आणि तरी राग राहायचाच. एका दुपारी हातातलं सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शोभे, माझ्या हातानं झालं गं."

डॉक्टरांचं ते दुसरं बोलणं मी त्यांना सांगितलं. काही न घालताही होतं म्हणाले, असं सांगितलं. पण माझ्या आवाजात माया नव्हती आणि ते त्यांना कळलं असणार.

"तुला बरं वाटावं म्हून म्हणले असतील," मामी म्हणाल्या आणि पुन्हा सूप उचललं.

त्यानंतर त्या मला शिवेनात. ताट वाढून सरकवायच्या. अंगात कणकण आहे का बघायचं तर माझ्या लेकीला पाठवायच्या. दत्ता त्यांच्याशी कामापुरतंही बोलत नव्हता. त्या वर्षी त्यानं हळदीचं पॉलिश अंगणात न करता वावरातच करून घेतलं, मला धूळ नको म्हणून. पण ते मामींनी सुचवलं होतं आणि लेकीच्या तोंडून त्याच्यापर्यंत पोचवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बरगडी

आतली जखम पुरती भरेपर्यंत दुसरं ऑपरेशन करता येत नव्हतं. पुढच्या थंडीत झालं. खांब नवा घालायचा होता आणि त्यासाठी कुर्चा बरगडीची घ्यायची होती. उजव्या छातीखाली कापलं. जिथं मी दुसऱ्यांच्या ब्लाउजला टक्स घालते, नेमकं तिथं.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "उजवीची मला आशा आहे. डावीकडे आत व्रणानं सगळं चिकटलंय. बघू." मला मात्र डावीच पाहिजे होती. बोळे काढल्यावर थोडा वेळ आलेला तो वारा माझ्या डोक्यातून जात नव्हता. उजवी मला ठाऊक होती. डावी मला एकदाच मिळाली होती.

या खेपेला नाकापेक्षा छाती दुखली. खोकला आला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. दत्ता मऊ भात चमच्यानं भरवायचा आणि अर्धा माझ्या गळ्यावर सांडायचा. नाकात कापसाऐवजी पातळ पट्ट्या बसवल्या होत्या, त्या काढताना फारसं काही झालं नाही. उजवीकडून हवा आली, भरपूर, पूर्वीपेक्षा चांगली. डावीकडे सूज आहे म्हणाले, वाट बघा. गावच्या धुळीत नको म्हणून आम्ही नांदेडला नणंदेकडे राहिलो आणि मी वाट बघितली. दिवसातून कितीदा तरी अंगठ्यानं उजवी दाबायचे आणि डावीनं ओढून बघायचे.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी बराच वेळ आत उजेड धरला. "मी सोडवलं होतं," ते म्हणाले. "परत चिकटलं."

"परत सोडवा की साहेब," दत्ता म्हणाला.

"परत चिकटेल. आणि बसवलेला खांब हलला तर उजवीही जाईल. नाक उभं आहे, एक बाजू चालू आहे. इथं थांबावं असं मला वाटतं."

लहानपणी जिथं होते, जवळजवळ तिथंच मी परत आले होते. दोनदा कापून घेऊन.

परतताना वसमत जवळ आलं तेव्हा गाडीत दत्ता म्हणाला, "मायला सांग. एक बाजू कायमची गेली म्हणावं. बराबर कळू दे तिला."

मलाही वाटत होतं, कळू दे.

दारात

मामी ओट्यावर बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. सगळं करून झालं तरी दारातून बाजूला होईनात. त्या वाळल्या होत्या. आम्ही नसताना त्या धड जेवत नव्हत्या, हे लेकीनं फोनवर सांगितलं होतंच.

"वारा लागतो का गं आत?" त्यांनी विचारलं.

"लागतो."

"दोन्हीकून?"

माझ्यामागं दत्ता पिशव्या घेऊन उभा होता. सांगायचं काय ते गाडीत ठरलंच होतं. राग अजून पोटात होता, तो गेला होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते शब्द माझ्यानं काढवेनात.

"व्हय," मी म्हणाले. "दोन्हीकून."

मामींनी हात पुढं केला. त्या बोळ्यानंतर पहिल्यांदाच. खडबडीत बोट माझ्या उजव्या नाकपुडीखाली धरलं. मी श्वास सोडला. मग बोट डावीकडे नेलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, छातीतली कापलेली बरगडी ठसठसली, आणि तिकडून काहीच आलं नाही. बोट तिथंच होतं. मागं दत्ताच्या हातातल्या पिशव्या खाली टेकल्या.

"येतोय की गं," मामी म्हणाल्या. "चांगला येतोय."

आणि बोट तिथून काढेनात.